बैठकीतली दहा मिनिटं पुस्तकाची

रोवणी करताना बांधीत आपल्या गोष्टी संपत नाहीत. मग पुस्तकाचा विषय निघाला की आपण गप्प का होतो? "आमचं कुठं शिक्षण झालं?" असं म्हणून मोकळ्या होतो.

लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. लिहायवाचायला त्या लग्नानंतर शिकल्या आणि पुढे त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. शेतात, जात्यावर त्या गाणी रचत आणि मुलगा सोपानदेव ती उतरवून घेई. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं.

म्हणून आम्ही बचत गटाच्या बैठकीत हिशोब आटोपला की दहा मिनिटं पुस्तकाला देतो. पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयातून आणायचं. एकीच्या नावानं सभासद व्हायचं, वर्गणी सगळ्यांनी वाटून घ्यायची. एकीनं दोन पानं मोठ्यानं वाचायची. जिला वाचता येत नाही, तिनं ऐकायचं. पण नंतर पहिलं तिनंच बोलायचं. यातलं काय आपल्याही घरी घडतं? काय पटलं नाही? अडखळलं म्हणून कोणी कोणाला हसायचं नाही.

याचा उपयोग काय, असं घरचे विचारतील. "हे मला पटलं नाही" म्हणायची सवय पुस्तकापाशी लागली, की ती इतर ठिकाणीही कामी येते. मग कर्जाच्या कागदावर अंगठा उमटवण्याआधी आपण म्हणतो, "थांबा, यात काय लिहिलंय ते आधी मोठ्यानं वाचून दाखवा."