आधी स्वेटर, मग समुद्र

स्कागेनला निघालेल्या पाहुण्यांना मी आधी स्वेटर घ्यायला सांगते, कॅमेऱ्याचं नंतर बघू. जुलैतही इथला वारा कानात शिरतो. फ्रेडरिक्सहाउनहून छोटी रेल्वे डेन्मार्कच्या या उत्तर टोकाला येते. पिवळ्या भिंतींची, लाल कौलांची घरं दिसली की उतरायचं.

गावापुढच्या ग्रेनेन या वाळूच्या जिभेवर स्कागेरॅक आणि कॅटेगॅट हे दोन समुद्र भेटतात. ट्रॅक्टरने ओढलेली गाडी तिथवर नेते, पण चालण्यात मजा जास्त. दोन्हीकडच्या लाटा तिरक्या येऊन एकमेकींवर आदळतात. दोन समुद्रांत दोन पाय ठेवून फोटो सगळेच काढतात, मीही काढते. पोहायला मात्र बंदी. प्रवाह जबरदस्त ओढतो.

खरी सत्ता वाळूची. गावाबाहेरच्या चर्चमध्ये शिरायला लोकांना आधी दारातली वाळू उपसावी लागे. कंटाळून १७९५ मध्ये ते बंद केलं. उरलाय फक्त पांढरा बुरूज, कारण खलाशांना त्याची खूण लागायची. जवळचीच राब्येर्ग मीले ही सुमारे ४० मीटर उंच वाळूची टेकडी अजूनही दरवर्षी १५ मीटरच्या आसपास पुढे सरकते.

पाऊस आला तर स्कागेन म्युझियम. क्रॉयरसारखे चित्रकार एकोणिसाव्या शतकात इथल्या उजेडासाठी बाहेरून आले. चित्रकार आना आंकर मात्र इथल्याच हॉटेलवाल्यांची लेक. गर्दी क्रॉयरच्या निळ्या संध्याकाळींपुढे असते. मला आनाच्या खोल्यांतलं ऊन आवडतं.

जेवायला बंदरावर तळलेला मासा. तिखटाची सोय आपली आपण करावी.