अल्पवयातली पोलीस केस

चारित्र्य पडताळणीचा फॉर्म भरताना जुनी केस आठवून अनेकांना घाम फुटतो. ती अठरा वर्षांखालच्या वयातली असेल, तर बाल न्याय अधिनियम, 2015 मोठा दिलासा देतो. कलम 24 नुसार दोषी ठरल्याने येणारी अपात्रता लागत नाही. अपिलाची मुदत किंवा नियमांत ठरलेला काळ संपला, की नोंदीही नष्ट करायच्या असतात. कलम 74 तर निकाली प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायला पोलिसांना मनाईच करते. हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते!

सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे खटला चालवून दोषी ठरवले, तर मात्र कलम 24 ची ही सवलत नाही. प्रौढांसाठी तर नोंद पुसण्याची अशी सर्वसाधारण सोय आपल्याकडे नाहीच.