विश्लेषण : व्हेंटिलेटरच्या नळीवरचा छोटा फुगा श्वासनलिकेला इजा का करू शकतो?

दिंडोशी-कुरारच्या टेकडीवर राहणाऱ्यांना पाण्याचा दाब म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. अतिदक्षता विभागातही एक दाब असाच ‘सेंटिमीटर पाणी’ या एककात मोजतात. तो थोडा जास्त झाला तर श्वासनलिका जखमी होते, कमी झाला तर फुप्फुसाला संसर्ग होऊ शकतो. गोरेगावच्या नेस्को संकुलात 2020 मध्ये जम्बो करोना केंद्र उभे राहिले, त्या काळात ‘पेशंट व्हेंटिलेटरवर आहे’ हे वाक्य घरोघरी पोहोचले. नळीवरच्या फुग्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

कफ म्हणजे काय?

खोकल्यातला कफ नव्हे. श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या आतल्या टोकाजवळ प्लास्टिकचा फुगा असतो, त्याला कफ म्हणतात. सिरिंजने हवा भरली की तो फुगतो आणि नळीभोवतीची फट बुजते. व्हेंटिलेटरची हवा बाजूने निसटत नाही. तोंडातली लाळ किंवा पोटातून वर आलेला द्रव फुप्फुसात उतरणेही बऱ्याच अंशी थांबते.

किती दाब सुरक्षित?

साधारण 20 ते 30 सेंमी पाणी. म्हणजे एक लिटरची बाटली उभी ठेवल्यावर तिच्या तळाशी पाण्याचा जेवढा दाब असतो, जवळपास तेवढाच. दुचाकीच्या टायरमधला 30 पीएसआय दाब याच एककात सुमारे 2,100 सेंमी भरतो.

इतक्या हलक्या दाबाने इजा कशी होते? श्वासनलिकेला घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कूर्चेच्या कड्या असतात. फुगलेला कफ आणि ही टणक कूर्चा यांच्यामध्ये आतले नाजूक अस्तर चेपले जाते आणि त्यातल्या केशवाहिन्या दबतात. सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट यांनी 40 रुग्णांच्या श्वासनलिकेत दुर्बिणीने पाहून 1984 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. दाब 30 सेंमीच्या वर गेला की अस्तराचा रक्तपुरवठा घटू लागतो आणि 50 सेंमीच्या आसपास तो दबलेल्या भागात पूर्ण थांबतो, असे त्यांना दिसले. रक्त न मिळालेल्या जागी आधी सूज, मग व्रण आणि पुढे कूर्चेपर्यंत झीज होऊ शकते.

बोटाने दाबून कळत नाही?

नाही. नळीच्या बाहेर एक छोटा सूचक फुगा लोंबत असतो. तो चिमटीत धरून अंदाज घेण्याची पद्धत जुनी आहे, पण अनुभवी हातही यात चुकतात. त्यासाठी साधा दाबमापक पुरतो. व्हेंटिलेटरच्या किमतीपुढे तो किरकोळच म्हणायचा. शिवाय एकदा मोजून भागत नाही. रुग्णाची कूस बदलली, मान वळली तरी आकडा हलतो. शस्त्रक्रियेत नायट्रस ऑक्साइड वापरला तर तो कफमध्ये झिरपून दाब वाढवतो. हवाई रुग्णवाहिका उंचीवर गेली की बाहेरचा दाब घटतो आणि कफ फुगतो.

छोट्या शस्त्रक्रियांत अनेकदा घशातच बसणारा लॅरिंजियल मास्क वापरतात. त्याच्या कफसाठी कमाल मर्यादा 60 सेंमी मानतात. ती ओलांडली तर घसा दुखण्यापासून क्वचित जिभेच्या नसेला इजा होण्यापर्यंत त्रास संभवतो.

घरी आल्यावर काय पाहावे?

नळी काढल्यावर एक-दोन दिवस घसा बसणे सामान्य आहे. खरी अडचण उशिरा येते. जखम भरताना तिथे व्रणऊतक तयार होऊन श्वासनलिका अरुंद होऊ शकते. मग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, जिना चढताना धाप लागते, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. हे दम्यासारखे वाटते आणि पंप सुरू होतो, पण त्याने अरुंद झालेली नळी उघडत नाही. अशा वेळी आपण किती दिवस व्हेंटिलेटरवर होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दुर्बिणीने तपासणी किंवा सीटी स्कॅन केल्यावर निदान होते. त्यानुसार श्वासनलिका रुंद करणे, स्टेंट बसवणे किंवा खराब भाग काढून टोके जोडणे असे उपचार आहेत. गळ्यात ट्रेकिऑस्टॉमीची नळी घेऊन रुग्ण घरी आला असेल, तर कफमध्ये हवा भरणे वा सोडणे डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणेच करावे.