काटा फक्त वजनच मोजतो

इच्छापूरच्या बर्ड फ्लूला यंदा मार्चमध्ये वीस वर्षं झाली. त्याच आठवड्यात, मी ज्या कंपनीसाठी करारानं कोंबड्या वाढवतो तिचा माणूस डोईफोडियात माझ्या शेडवर नव्या पुड्यांचा खोका उतरवून गेला. हळदीचा अर्क; पैसे लॉटच्या हिशेबातून कापणार. शेडमागे माझीच हळकुंडं वाळत होती. फार लागलं मनाला.

बर्ड फ्लूआधीची वर्षं साधीच गेली. अंगणात गावरान कोंबड्या, सणावाराला एखादी कापायची. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि पुढच्याच महिन्यात आपल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, इच्छापूरला. तिथल्या घरोघरच्या कोंबड्या मारून पुरल्या. आमच्याकडे रोग नव्हता, पण गिऱ्हाईकही उरलं नाही.

2007 ते 2016 ही स्वतःच्या हिमतीवर कोंबड्या वाढवण्याची माझी खरी दहा वर्षं. मका आणि सोयापेंड मी स्वतः भरडायचो. विक्रीआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत किलोभर खाद्याला पाच ग्रॅम हळदपूड, आणि मे महिन्यात त्यासोबत वाळवलेला आवळाही. हळदीनं रोग हटत नाही, तो दावा मी कधीच केला नाही. माझं लक्ष मांसावर होतं. तंगडीत चरबी आणि लोह छातीपेक्षा जास्त, म्हणून प्राणवायू लागून ती आधी खवट होते. ई जीवनसत्त्व पक्षी जिवंत असताना खाद्यातून गेलं, तर पेशींच्या आवरणात मुरतं आणि कापल्यावरही चरबी राखतं. वरून चोळून ते साधत नाही. हळद-आवळ्याकडून माझी तीच अपेक्षा होती. पारख आईची. रात्रीची तंगडी सकाळी गरम करून ती आधी हुंगायची. बाजारच्या तंगडीला शिळा वास यायचा, आमच्या तंगडीला तिनं कधी नाक मुरडलं नाही.

पुढे कर्ज फेडायला कंपनीशी करार केला. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज आणि राबणं माझं. खाद्यात बाहेरचं काही मिसळायचं नाही, अशी ताकीद मिळाली. हळदीचा डबा पाहून सुपरवायझर म्हणाला, "ही घरगुती खुळं सोडा." 2017 मध्ये युरोपनं खाद्य टिकवणाऱ्या एथॉक्सिक्विन या कृत्रिम पदार्थाची परवानगी स्थगित केली, तेव्हाही माझा हळदीचा डबा फळीवर पडूनच होता.

वासाची पारख करणारी आई आता नाही. गाडी भरताना काटा फक्त वजन मोजतो, आणि त्याच वजनावर माझे पैसे ठरतात. कंपनीकडे माझी मागणी एवढीच आहे: प्रत्येक लॉटमधले दोन पक्षी कापा, तंगडी रात्रभर ठेवा, सकाळी गरम करून हुंगा. त्या वासालाही दर द्या.