हरभऱ्याची वंशावळ आणि वैविध्याचे भांडवल

पावसाने पाठ फिरविली, की जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभरा पेरावयाचा आणि थंडीच्या आधाराने तो वाढवावयाचा, हा दख्खनच्या काळ्या रानातील शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. जगात पिकणाऱ्या हरभऱ्यापैकी दोन-तृतीयांशाहून अधिक हरभरा एकट्या भारतात पिकतो आणि देशातील आघाडीच्या उत्पादक राज्यांत महाराष्ट्राची गणना होते. पुरणापासून पिठल्यापर्यंत सर्वत्र रुळलेले हे धान्य मूळचे येथलेच, अशी समजूत असल्यास नवल नाही. वस्तुतः हरभरा हा दुरून आलेला पाहुणा आहे. तो कोठून आला आणि वाटेत त्याने काय गमावले, याची हकीकत कोणत्याही बखरीत नाही. ती त्याच्या दाण्यातच लिहिलेली आहे. ही लिपी वाचण्याची विद्या अलीकडे हाती आली असून तिने पुढे ठेवलेला हिशेब केवळ शास्त्रज्ञांपुरता मर्यादित नाही.

सजीवाच्या पेशीतील संपूर्ण आनुवंशिक मजकुरास जनुकसंच किंवा जीनोम म्हणतात. चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला हरभऱ्याचा हा मजकूर सुमारे ७४ कोटी अक्षरांचा आहे. कॅनडातील एका काबुली वाणाच्या जनुकसंचाचा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात सुमारे २८ हजार जनुके आढळली. परंतु एका वाणाचा जनुकसंच म्हणजे एकच पोथी. एका पोथीवरून ग्रंथाचा इतिहास कळत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती असंख्य हस्तलिखितांतील पाठभेद ताडून. दोन पोथ्यांत नकलाकाराची एकच चूक आढळली, तर त्यांचे मूळ एक असावे असे अनुमान निघते. उत्क्रांतीचा अभ्यासकही नेमके हेच करतो. डीएनएची नक्कल होताना क्वचित अक्षर बदलते आणि तो बदल वंशजांकडे जातो. असे लक्षावधी पाठभेद ताडून पाहिले, की कोण कोणाचा वंशज आणि ताटातूट केव्हा झाली, हे बऱ्याच अंशी सांगता येते.

अरुंद झालेला वारसा

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पुढाकाराने हरभऱ्याच्या ३,३६६ नमुन्यांचे जनुकसंच वाचण्यात आले. त्यांपैकी ३,१७१ लागवडीखालील व १९५ वन्य कुळांतील होते. २०२१ मध्ये या संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आग्नेय तुर्कस्तानात आढळणाऱ्या ‘सायसर रेटिक्युलॅटम’ या रानटी वनस्पतीपासून हरभऱ्याची शाखा सुमारे १२,६०० वर्षांपूर्वी वेगळी झाली, असा त्यातील अंदाज आहे. पुढे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून वंश चालविणाऱ्या झाडांचा परिणामकारक संच आक्रसत गेला, तो सुमारे एक हजार वर्षांपूर्वी तळाला पोहोचला आणि गेल्या चारशे वर्षांत पुन्हा विस्तारला. शेते वाढत असतानाही वारसा अरुंद होऊ शकतो, हे यातील मर्म होय.

असे का व्हावे? रानटी हरभऱ्याचे घाटे पिकताच तडकतात व दाणे विखुरतात. झाडाच्या दृष्टीने ही सोय, तर कापणी करणाऱ्याच्या दृष्टीने नुकसान. प्राचीन शेतकऱ्याने न तडकणाऱ्या घाट्यांचे मोजके दाणे बियाण्यास राखले आणि उरलेल्या बहुसंख्य झाडांचा वारसा आपोआप मागे पडला. पुढील प्रत्येक निवडीत आणि स्थलांतरात हेच घडले. शिवाय हरभरा स्वपरागित असल्यामुळे हरवलेली जनुके शेजारच्या झाडाकडून सहज परत मिळत नाहीत.

निवडीने नुकसानच केले असे मात्र नव्हे. रंगीत फुलांच्या देशी हरभऱ्यापासून पांढऱ्या फुलांचा, फिक्या दाण्याचा काबुली हरभरा निर्माण झाला. रंगास कारणीभूत असलेल्या एकाच जनुकात निरनिराळ्या ठिकाणी, स्वतंत्रपणे बिघाड होऊन तो एकाहून अधिक वेळा उद्भवला, असे २०१६ मध्ये दाखवून देण्यात आले. निसर्गाची ती चूक ओळखून बी राखणारे हात कोणाचे, हे इतिहासाला ठाऊक नाही.

विम्याचा हप्ता

अर्थशास्त्राच्या भाषेत वैविध्य हा विमा आहे. संकट येईपर्यंत त्याचा हप्ता निरर्थक वाटतो. अमेरिकेतील बहुतेक संकरित मका एकाच, ‘टेक्सास’ नामक मातृपरंपरेतून आलेला होता. १९७० मध्ये नेमका त्या परंपरेलाच ग्रासणारा करपा आला आणि देशातील सुमारे १५ टक्के पीक बुडाले. बियाणे उत्तम होते. दोष होता तो सर्वत्र तेच असण्याचा.

उलट उदाहरण जवळचे आहे. कर्नाटकातील ‘अण्णिगेरी-१’ हा लोकप्रिय हरभरा मर रोगाला बळी पडत असे. ‘डब्ल्यूआर-३१५’ या वाणातील प्रतिकारशक्ती जनुकीय खुणांच्या साहाय्याने त्यात उतरविण्यात आली आणि २०१९ मध्ये ‘सुपर अण्णिगेरी-१’ पुढे आला. प्रतिकारशक्तीचे जनुक प्रयोगशाळेने निर्माण केले नव्हते. ते कोणीतरी जपलेल्या बियाण्यात होते. जनुकसंचाचे वाचन ही खतावणी आहे. भांडवल आहे ते जिवंत बी. खतावणी कितीही चोख असली, तरी तिजोरी रिकामी असेल तर ती कोणाच्या उपयोगाची?

ही तिजोरी राखण्यासाठी माणसांनी प्राण वेचले आहेत. जगभर हिंडून बियाणे गोळा करणारे निकोलाय वाविलोव्ह १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावले. त्यापूर्वी लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांच्या संस्थेतील काही सहकाऱ्यांनी धान्याच्या संग्रहाला हात न लावता उपासमारीने मृत्यू पत्करला. सीरियातील अलेप्पोजवळचा ‘इकार्डा’चा संग्रह यादवी युद्धामुळे दुर्गम झाला, तेव्हा २०१५ मध्ये स्वालबार येथील हिमभूमीत ठेवलेल्या प्रती परत मागविण्यात आल्या. लेबनॉन व मोरोक्को येथे ते बी पुन्हा वाढवून २०१७ पासून स्वालबारला परत पाठविण्यात येऊ लागले. ऋण काढून ते फेडल्याची इतकी निर्मळ उदाहरणे अर्थव्यवहारात विरळाच!

धनी कोण?

तथापि या भांडवलाचा धनी कोण, हा प्रश्न सुटलेला नाही. १९९२ च्या जैवविविधता कराराने राष्ट्रांचा आपापल्या जैवसंपत्तीवरील अधिकार मान्य केला. भारताच्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व नाममुद्रेविना विकण्याचा हक्क दिला. परंतु आता बियाणे सीमेपलीकडे नेण्याचीही गरज उरलेली नाही. त्याची अक्षरे संगणकावरून क्षणात जगभर पोहोचतात. अशा माहितीवर नफा मिळविणाऱ्या उद्योगांनी योगदान द्यावे म्हणून कोलंबियातील काली येथे २०२४ मध्ये एका निधीचा निर्णय झाला. हे योगदान मात्र ऐच्छिकच ठेवण्यात आले.

माहिती खुली असावी, हे योग्यच. हरभऱ्यासारख्या गरिबांच्या प्रथिनाचे संशोधन कुलूपबंद झाल्यास त्याचा तोटा कोरडवाहू शेतकऱ्यालाच होईल. पण खुलेपणाचा लाभ घेणाऱ्यांनी मूळ बियाणे जपण्याचा खर्च मात्र दुसऱ्यांवर सोडावा, हा न्याय नव्हे. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना होतो, तिचा खर्च बाजार आपण होऊन उचलीत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. म्हणून बीजपेढ्यांना वर्षानुवर्षे निश्चित अनुदान मिळणे आणि गावरान वाण शेतात राखणाऱ्या शेतकऱ्याला त्याबद्दल मोबदला मिळणे, ही शासनाची जबाबदारी ठरते. कोणते वाण दुर्मिळ आणि कोणते राखण्याजोगे, हे जनुकसंचाच्या अभ्यासाने आता नेमके सांगता येते. तेव्हा माहिती नाही, ही सबब उरलेली नाही. दहा हजार वर्षांत अनामिक हातांनी निवडलेले दाणे एका दुष्काळी अंदाजपत्रकातील काटछाटीत नाहीसे होऊ शकतात, आणि गेलेले बी पुढील वर्षी तरतूद वाढविली म्हणून उगवत नाही.