परीक्षा आणि काढणी एकाच वेळी: दहावी-बारावीच्या मुलांसाठी पलूसच्या पालकांनी काय करावं?

फेब्रुवारी उजाडला की पलूस तालुक्यात दोन हंगाम एकदम सुरू होतात. द्राक्षाचा माल उतरायचा असतो, उसाला तोड आलेली असते आणि त्याच वेळी घरातल्या पोराची किंवा पोरीची बोर्डाची परीक्षा असते. २०२५ मध्ये बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. ज्या दिवसांत आई-वडिलांना बागेतून मान वर करायला सवड नसते, त्याच दिवसांत मुलांना आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष असावं असं वाटत असतं.

"आम्हीच जास्त शिकलेलो नाही, आम्ही काय मदत करणार?" असं अनेक पालकांना वाटतं. पण मदत करायला गणित यावंच लागतं असं नाही. घरात ठरलेली शांत वेळ, मुलांना पुरेशी झोप आणि बोर्डाच्या नियमांची नीट माहिती, एवढं जमलं तरी मोठं काम होतं. ते कसं करायचं, पाहूया.

शांत वेळ: शेजारच्या वडगावात काय घडलं?

पलूसला लागून असलेल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचं गाव आहे. कोरोनाच्या काळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हातात मोबाइल आला. शाळा सुरू झाल्या तरी तो हातातून सुटेना. शिक्षकांनी ही तक्रार मांडली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, गावाने बैठक घेऊन निर्णय केला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही, मोबाइल बंद राहतात.

सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली तेव्हा सुरुवातीला अनेकांनी ती हसण्यावारी नेली होती. मग महिलांची बैठक झाली. मालिका पाहण्यात आपलाही बराच वेळ जातो, हे त्यांनी मान्य केलं आणि गाव तयार झालं.

यात पालकांनी घेण्यासारखी गोष्ट म्हणजे नियम मोठ्यांनाही लागू आहे. बाहेरच्या खोलीत मालिका चालू आणि आतल्या खोलीत "अभ्यास कर" असा आवाज, हे वडगावात त्या दीड तासात होत नाही.

गावात भोंगा नसला तरी घरात वेळ ठरवता येते.

• धारा काढून, जेवणं उरकून घरातली माणसं एकत्र येतात ती वेळ निवडा. सातच असं काही नाही, आठ ते साडेनऊही चालेल.
• त्या वेळेत घरातल्या प्रत्येकाचा मोबाइल एका जागी ठेवा, वडिलांचाही. व्यापाऱ्याचा किंवा तोडणी टोळीचा फोन येणार असेल तर तेवढा फोन बाहेर जाऊन घ्या.
• त्या दीड तासात पाहुणे, हिशेब आणि भांडण नको.
• परीक्षा संपेपर्यंत मुलांना रात्री मोटार चालू करायला किंवा दारं धरायला पाठवू नका. एखाद्या दिवशी इलाज नसेल तर आदल्या दिवशीच सांगा, म्हणजे अभ्यासाची वेळ पुढे-मागे करता येते.
• लग्नसराईतली डॉल्बी रात्री दहानंतरही वाजत असेल तर ११२ वर तक्रार करता येते. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे.

विषय येत नसेल तर अभ्यास कसा घ्यायचा?

पुस्तक आपल्या हातात घ्या आणि मुलाला म्हणा, "आज काय वाचलंस ते न बघता सांग." एवढंच.

यामागे संशोधन आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा पुन्हा वाचलं की सगळं येतंय असं वाटतं, पण मेंदूला ताण देऊन आठवलेलं जास्त दिवस टिकतं.

म्हणून सातवीत शाळा सोडलेली आईसुद्धा अभ्यास घेऊ शकते. उत्तर बरोबर की चूक हे तिला कळलं नाही तरी मूल कुठे अडखळलं ते कळतं. त्या ठिकाणी पेन्सिलने खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच पुन्हा विचारायचं. गोठ्यात काम करताना, भाकरी थापताना, बागेतून परत येताना गाडीवरसुद्धा हे होतं. अट एकच, अडखळल्यावर रागवायचं नाही. नाहीतर उद्यापासून मूल सांगायचंच बंद करेल.

पहाटे चारला उठवावं का?

गणित करून पाहा. मूल रात्री अकराला झोपलं आणि चारला उठलं, तर झोप पाच तासांची झाली. झोपतज्ज्ञांच्या शिफारशीनुसार १३ ते १८ वयातल्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. दिवसभरात वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं काम झोपेत होतं. झोप कापून वाढवलेला अभ्यास म्हणूनच पेपरात दगा देतो.

या वयात मुलांना झोप उशिरा लागते, त्यामागे शरीरातले बदलही असतात. त्यामुळे सकाळी उठायला कुरकुर केली की "आळशी" म्हणायची घाई नको. पहाटेच अभ्यास होतो असं मूल स्वतः म्हणत असेल तर रात्री साडेआठ-नऊला दिवा बंद करा. परीक्षा सकाळी अकराची असल्याने निदान शेवटच्या दोन आठवड्यांत त्या वेळी डोकं ताजं असेल असा दिनक्रम बसवा.

नियम माहीत असले की धास्ती कमी होते

"आता नापास झालास तर सगळं संपलं," हे वाक्य अनेक घरांत ऐकू येतं. बोर्डाचे नियम तसं म्हणत नाहीत.

• वेळ: सकाळच्या सत्रासाठी साडेदहाला परीक्षा केंद्रात हजर राहावं लागतं. पेपर अकराला सुरू होतो. २०२३ पासून शेवटी १० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर दोन वाजून १० मिनिटांनी संपतो.
• उत्तीर्ण होण्यासाठी: शंभरपैकी ३५ गुण लागतात. दहावीला मराठी, गणित, विज्ञान अशा विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा असते आणि २० गुण तोंडी किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात.
• टक्केवारी: दहावीच्या सहा विषयांपैकी जास्त गुण असलेले पाच विषय धरून ५०० पैकी टक्केवारी काढतात. पास मात्र सहाही विषयांत व्हावं लागतं.
• एक-दोन विषय राहिले तर: दहावीला जास्तीत जास्त दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश घेता येतो.
• पुरवणी परीक्षा: जून-जुलैमध्ये पुन्हा परीक्षा होते. वर्ष वाचू शकतं.
• गुणांबद्दल शंका असेल तर: निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो.

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे. जातीचा दाखला, आधार कार्ड अशी कागदपत्रं पालकांनी आधीच पाहून ठेवावीत. हे ओझं मुलांच्या डोक्यावर नको.

टक्क्यांची तुलना कुणाला महागात पडते?

सांगली, सातारा आणि कोल्हापूर जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. २०२५ च्या दहावीत राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, तर कोल्हापूर विभागाचा ९६.८७ टक्के. याचा आनंद आहेच. पण शंभरातली सत्त्याण्णव मुलं पास होतात तिथे उरलेली तिघं फार एकटी पडतात. गावात फलक लागतात, मोबाइलवर स्टेटस फिरतात आणि त्या तीन घरांत कुणी कुणाशी बोलत नाही.

या मुलांना निकालाच्या दिवशी काय ऐकायला मिळेल, हे परीक्षेच्या आधीच ठरतं. "कितीही गुण पडले तरी पुढचं आपण बसून ठरवू," असं पालकांनी आत्ताच एकदा स्पष्ट सांगावं. आणि सांगितलेलं निकालाच्या दिवशी पाळावं. चुलतभावाचे टक्के, शेजारणीच्या पोरीचे टक्के परीक्षा संपेपर्यंत घरात काढू नयेत. पेपर देऊन आलेल्या मुलाला दारातच "किती पडतील?" विचारण्यापेक्षा आधी जेवायला वाढावं. झालेला पेपर बदलता येत नाही, उद्याचा देता येतो.

या गोष्टींकडे दुर्लक्ष नको

परीक्षेची धाकधूक सगळ्यांनाच असते. पण मूल दोन-दोन दिवस जेवत नसेल, रात्रभर जागत असेल, मित्रांशी बोलणं तोडत असेल, "मी नसलेलंच बरं" असं काही बोलत असेल किंवा आवडीच्या वस्तू अचानक वाटून टाकत असेल, तर ते नाटक समजू नका. अशा वेळी मुलाला एकटं ठेवू नका. शेतातली कीटकनाशकं कुलपात ठेवा. "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" असं सरळ विचारलं म्हणून तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मुलाला बोलायला वाट मिळते.

टेलिमानस ही सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक आहे. जिवाला धोका वाटला तर लगेच ११२ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. हे तिन्ही क्रमांक आजच मोबाइलमध्ये जतन करा आणि मुलांनाही देऊन ठेवा.