‘विटाळ’ आणि ‘पाप’ : लेवीय ग्रंथातील दोन प्रतिशब्दांविषयी

बायबलमधील लेवीय या ग्रंथाचे अकरा ते पंधरा हे अध्याय मराठी वाचकास एकाच वेळी परिचित आणि परके वाटतात. बाळंतपण, रजःस्राव, त्वचेवरील चट्टे यांमुळे येणारी अशुचिता, ठराविक दिवसांची गणना व शेवटी स्नान, हे सारे आपल्या सोयर-सुतकाच्या जवळचे आहे. हिब्रूतील ‘तामे’ या शब्दासाठी ‘विटाळलेला’ हा प्रतिशब्द सहज सुचतो तो यामुळेच.

परंतु मराठीत ‘विटाळ’ दोन अर्थांनी रूढ आहे. एक विटाळ काही दिवसांनी फिटतो. दुसरा जन्मासच चिकटविला गेला. चोखामेळ्याने चौदाव्या शतकात अभंगांतून जाब विचारला तो या दुसऱ्याचा. इस्राएली नियमांतील अशुचिता पहिल्या प्रकारची होय. ती याजकासही लागते आणि सामान्यतः पाणी व सायंकाळ यांनी संपते. ज्या मराठवाड्यात अस्पृश्यतेचा अनुभव असलेली अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली, तेथे हा शब्द निष्काळजीपणे योजणे म्हणजे मूळ ग्रंथात नसलेला दंश त्यात घालणे होय.

अशुचिता पुनःपुन्हा येते, याची ग्रंथास पूर्ण जाणीव आहे. डागडुजी केलेल्या घराच्या भिंतीवर चट्टा पुन्हा उमटून पसरला तर ते घर पाडावे, असे चौदाव्या अध्यायात सांगितले आहे. गणना ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील नाजीराची स्थिती तर अधिक कठीण. त्याच्याजवळ कोणी अकस्मात मरण पावले, तर त्याच्या व्रताचे आधीचे सर्व दिवस व्यर्थ ठरतात. आठव्या दिवशी दोन पारवे किंवा कबुतराची दोन पिले अर्पून त्याने पहिल्यापासून आरंभ करावयाचा. (मनुस्मृतीत याच्या उलट सोय दिसते : दहा दिवसांच्या आशौचात दुसरे आशौच आले, तर ते पहिल्याबरोबरच संपते.)

नाजीराकडून कोणता अपराध घडला? काहीच नाही. तरीही त्या दोन पक्ष्यांपैकी एकास हिब्रूत ‘हत्तात’ म्हटले आहे, आणि प्रचलित मराठी भाषांतरांत त्यासाठी ‘पापार्पण’ हा शब्द येतो. जेकब मिलग्रोम या अभ्यासकाने लेवीयावरील आपल्या १९९१ च्या भाष्यात, येथे ‘शुद्धीचे अर्पण’ असा अर्थ घ्यावा, असे साधार प्रतिपादिले. मराठीत ‘शुद्ध्यर्पण’ म्हणता येईल. शब्द थोडा जड आहे, पण खोटा नाही.

कॅथलिक परंपरेने हे विधी बंधनकारक मानले नाहीत. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने तसे स्पष्ट केले. मात्र त्यांचे मनन सोडले नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने त्यांची व्यावहारिक आणि रूपकात्मक अशी दोन्ही कारणे मांडली. बाप्तिस्म्यानंतर पुन्हा पतन पावणाऱ्यास प्रायश्चित्तसंस्काराचे दार उघडे आहे, असे ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये सांगितले. हा संस्कार पुनःपुन्हा घेता येतो. नाजीराच्या नव्या आरंभाशी याचे साम्य भाविकास जाणवणे स्वाभाविक आहे. पण पापास इच्छेची संमती लागते, शेजारच्या मृत्यूस ती लागत नाही. ‘पापार्पण’ या प्रतिशब्दाने हा भेद पुसला जातो आणि आजार, गर्भपात किंवा घरातील मृत्यू यांनी खचलेला वाचक स्वतःचा अपराध शोधू लागतो.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीला स्राव थांबल्यावर सात शुद्ध दिवस मोजावयाचे होते. ती मोजणी तिला बारा वर्षांत एकदाही सुरू करता आली नव्हती. येशू तिला ‘मुली’ असे संबोधतो. तिच्या पापाचा उल्लेख त्या कथेत कोठेही नाही.